पहिल्या ओळीतली सही

त्या सोळा घरांच्या इमारतीत कुणाकडे सही मागायला गेलं, की दार उघडणारा माणूस कागद वाचायचा नाही, फक्त पहिली ओळ बघायचा. पहिल्या ओळीत काकांची सही असली, तर म्हणायचा, "पेन द्या." नसली, तर म्हणायचा, "बघू की. एवढी काय घाई आहे?" आणि दार हळूच लोटायचा.

काका तळमजल्यावर राहायचे. जळलेल्या मोटारींची वाइंडिंग भरण्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता, आणि निवृत्त झाल्यावर इमारतीच्या डिझेल जनरेटरची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. फार वर्षांपूर्वी एक कंत्राटदार गच्चीची गळती थांबवून देतो म्हणून सह्या गोळा करत फिरला, तेव्हा एकट्या काकांनी त्याच्या डब्यातलं औषध बोटावर घेऊन हुंगलं आणि "हा नुसता चुना आहे," म्हणून सही नाकारली. कंत्राटदार शेजारच्या इमारतीत गेला आणि त्यांची गच्ची अर्धी खणून परागंदा झाला. तेव्हापासून काकांची सही हाच या इमारतीचा कायदा. सही तरी कशी? अक्षर म्हणाल तर एकही नाही. तांब्याची तार गुंडाळावी तसं एक वेटोळं, आणि शेवटी सुटलेलं एक टोक.

सध्या जो कागद फिरत होता, तो मात्र काकांच्या जनरेटरच्याच मुळावर उठलेला होता. सरकारी योजनेतून गच्चीवर सोलर पॅनेल, खाली बॅटरी. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे सगळं त्यावर, आणि वीज गेली तर घरटी एक दिवा आणि एक पंखाही. जनरेटरला कायमची सुट्टी. अट एकच : सोळाच्या सोळा घरं राजी हवीत. रविवारी सकाळी अकराला अधिकारी येऊन खातरजमा करणार. एक घर कमी पडलं, तर नंबर पुढच्या इमारतीला, आणि आपली पाळी परत कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

कागद फिरवायचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाच्या आईकडे आलं, कारण मागच्या बैठकीत तिने एक प्रश्न विचारला होता. "धूर बंद होईल ना?" एवढाच. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं हे तिला माहीत नव्हतं. तिच्या झोपायच्या खोलीची खिडकी बरोबर जनरेटरच्या डोक्यावर होती. सव्वा वर्षाच्या बाळाची छाती जरा धूर गेला की बारीक शिट्टी वाजवायला लागायची. वीज गेल्यापासून जनरेटरचा पहिला ठसका येईपर्यंत पन्नास सेकंद मिळतात, हे तिने घड्याळ लावून मोजलं होतं. पन्नास सेकंदांत, कडेवर बाळ घेऊन, सहा खिडक्या. तिला आता त्रेचाळीस सेकंद लागायचे.

एवढी धडाडी असूनही पंधरा दिवसांत ती काकांच्या दारात गेली नव्हती. रोज सकाळी फडकं घेऊन जो माणूस जनरेटर पुसतो, पुसता पुसता त्याच्याशी चार शब्द बोलतो, त्याला जाऊन काय सांगायचं? तुमच्या लाडक्याला हाकलायचंय, सही करा? बाकीच्यांकडे ती तीन-तीनदा जाऊन आली होती. "काकांनी केली का?" "अजून नाही." "मग बघू की."

असा तो रविवार उजाडला तेव्हा कागद कोराच होता. काकांसाठी मोकळी ठेवलेली पहिली ओळ, आणि खाली पंधरा ओळी मोकळ्याच.

नवरा रविवारच्या पाळीला गेलेला. तिने बाळाला चटईवर बसवून केळं भरवलं, तोंड पुसलं, कागदाचं पॅड आणि पेन शेजारी ठेवलं आणि निघण्यापूर्वी गॅस बंद आहे का ते बघायला ती आत गेली. बंद होता. परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिने गॅसच्या बटणावर हात ठेवून मोठ्याने "बंद आहे" असं म्हटलं. ही बाई घराची कडी, बाळाची नखं, दुधावरची तारीख, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायची. पण ती गॅसशी बोलत होती तेवढ्या वेळात बाळाने पेन उचललं, पॅड पुढ्यात ओढलं आणि पहिल्या ओळीत जीव तोडून एक वेटोळं काढलं. शेवटी पेन हातातून निसटलं, तेव्हा त्या वेटोळ्याला एक सुटलेलं टोकही आलं.

तिने बाळाला उचललं, पॅड काखेत मारलं आणि कागदाकडे न बघता खाली गेली.

काकांच्या दारापर्यंत ती खरोखर पोचली. आत काका काकूंना सांगत होते, "आज त्याचं तेल बदलायचंय गं," आणि तिचा धीर सुटला. ती तशीच वळली आणि समोरच्या शिंप्याची बेल वाजवली. शिंपी गळ्यात टेप घालूनच बाहेर आला.

"भाऊ, शेवटचं विचारते हं," म्हणत तिने पॅड त्याच्यापुढे धरलं.

शिंप्याने कागदाकडे बघितलं. डोळे बारीक केले, मोठे केले.

"अहो वहिनी, मग आधी नाही का सांगायचं!" आणि त्याने झरकन सही केली.

तिला वाटलं, आपल्या आवाजात आज काहीतरी आलंय. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका सही करण्याआधी शुद्धलेखन तपासायच्या. त्यांनीही चष्मा लावून कागद पाहिला आणि एकदम त्यांचे डोळे पाणावले. "मोठं मन लागतं हो याला. फार मोठं मन." बाळाच्या आईने नम्रपणे मान खाली घातली. एवढं कौतुक तिला कॉलेजात पहिली आली तेव्हाही मिळालं नव्हतं. वाटेतल्या तीन घरांनी तर तिला बोलूही दिलं नाही, सह्या करून मोकळी.

तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे. ते कमी बोलायचे, कारण त्यांच्या समोरच्या माणसाला सहसा उत्तर देता यायचं नाही. ते सही करून म्हणाले, "खुद्द काकांनी सही केली म्हणजे विषयच संपला."

"काकांनी?"

"ही काय." डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने पहिली ओळ दाखवली.

तिने पॅड आपल्याकडे वळवलं. वेटोळं. सुटलेलं टोक. आणि वेटोळ्याच्या बाजूला केळ्याचा एक छोटासा, वाळलेला अंगठा.

तिने कडेवरच्या बाळाकडे बघितलं. बाळाने केलेल्या कामाचं समाधान तोंडभर दाखवलं. त्याला दात चारच होते, पण डॉक्टरांनी ते कौतुकाने पाहिले.

"डॉक्टर, ऐका ना, ती सही..."

"पाहिली ना मी. अस्सल आहे," म्हणून डॉक्टरांनी दार लावलं.

जिन्यातच तिने नवऱ्याला फोन लावला.

"अहो, खोट्या सहीला शिक्षा असते का?"

"कुणी केली?"

"आपल्या बाळाने."

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू आली. मग नवरा म्हणाला, "त्याच्या नावावर काही आहे का आपलं?"

"थट्टा सुचतेय तुम्हाला! सगळ्यांना ती काकांची वाटतेय. निम्म्या इमारतीने सह्या केल्या ती बघून."

"मग बाकीच्या निम्म्यांना सांगून टाक."

सांगायला ती वळली खरी, पण बातमीचे पाय तिच्या पायांपेक्षा लांब होते. मुख्याध्यापिकांनी इमारतीच्या ग्रुपवर कागदाचा फोटो आणि एकही चूक नसलेला बारा ओळींचा मजकूर टाकला होता : 'ज्या यंत्राची त्यांनी पोटच्या लेकरासारखी निगा राखली, ते यंत्र लहानग्यांच्या श्वासासाठी सोडायला आपले काका स्वतःहून तयार झाले.' त्याखाली टाळ्यांची चित्रं दाटीवाटीने उभी होती. उरलेली माणसं आता दार वाजायची वाट बघत नव्हती. ती जिन्यातच तिला गाठत होती.

"आमची राहिली, आमची राहिली!"

"पण एक मिनिट ऐका तरी..."

"कुठे, इथे करू?"

भिंतीला पॅड टेकवून, एकमेकांच्या पाठीवर पॅड ठेवून माणसं सह्या करत होती. पंधरा दिवसांत न हललेली इमारत पाऊण तासात हलली होती, आणि तिला थांबवायचा एकच ब्रेक होता : काका. साडेदहाला तिने छातीवर हात ठेवला, म्हणजे बाळाच्या पाठीवर ठेवला, कारण छातीशी बाळ होतं, आणि तळमजल्यावरची बेल वाजवली.

दार काकूंनी उघडलं. "ये गं ये. आज ह्यांना बघ, इस्त्रीचा शर्ट. सकाळपासून माणसं येऊन हात मिळवतायत. शिंपी म्हणाला, जनरेटर जाण्याआधी त्याला चांगलं कापडी कव्हर शिवून देतो. मला बोलले नाहीत हो एका शब्दाने! एवढा मोठा निर्णय घेतला आणि घरात पत्ता नाही."

काका खुर्चीत ताठ बसले होते. काकू चहा टाकायला आत गेल्या, तसे ते पुढे वाकले आणि कुजबुजले, "पोरी, एक विचारू? मी सही केली कधी?"

तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"गेल्या महिन्यात माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी हिला सांगितलं, थंड करायला ठेवला होता. आता सगळे म्हणतायत सही केली, सही केली. ग्रुपवर फोटो बघितला, सही माझीच दिसतेय. मला काही म्हणजे काही आठवत नाही."

बोलायचं ठरवून आलेलं सगळं भाषण तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. "काका, तुमचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. ती तुम्ही नाही केलीत. ह्याने केलीय." आणि तिने पुरावा म्हणून बाळ पुढे केलं.

काकांनी बाळाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, केळ्याच्या अंगठ्यावर नख घासून बघितलं. मग ते असे हसले की आतून काकूंनी "काय झालं?" म्हणून विचारलं.

"काही नाही! शाबूत आहे मी!" काका ओरडले. आणि लगेच त्यांचं हसू मावळलं. "पण मग हे हात मिळवलेले? हे पाणावलेले डोळे? ही मला न मागता दोनदा चहा देतेय आज." त्यांनी दाराकडे बघून घेतलं. "असं कर, तू बोलूच नकोस कुणाला. माझीच सही म्हणून जाऊ दे."

पाय धरायला आलेल्या माणसाचेच पाय कुणी धरावेत, तसं तिचं झालं. गप्प बसायचं, एवढंच. सोळा घरं पुरी, जनरेटर बंद, सहा खिडक्या कायमच्या उघड्या. पण समोर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला माणूस तेल लागलेल्या नखांकडे बघत होता.

"काका, पण तुम्हाला काय वाटतं? हे व्हावं की नको?"

काकांनी एका नखातलं तेल दुसऱ्या नखाने खरवडलं.

"पंधरा दिवस झाले," ते म्हणाले. "काकांनी सही केली का, असं सगळे एकमेकांना विचारतायत. मला हे ऐकू येतं, तळमजल्यावर सगळं ऐकू येतं. मला मात्र कुणी..." तेवढ्यात बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. अधिकारी आला होता, वीस मिनिटं आधी.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या होत्याच. अधिकारी तरुण होता, त्याच्याकडे लॅपटॉप, पांढरा पडदा आणि भरपूर चित्रं होती. त्याने आधी कागद मागून घेतला. "वा, पूर्ण भरलाय! फक्त ही पहिली सही कुणाची? वाचता येत नाहीये."

"आमच्या काकांची!" मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या आणि टाळ्या पडल्या. काका अर्धवट उठले. त्यांना ना पुरतं उठता येईना, ना बसता येईना.

त्यांची ती कमरेतून वाकलेली अवस्था बघून बाळाच्या आईला राहवलं नाही. चार माणसांत नाव सांगतानाही जी अडखळायची, ती उठली.

"ती सही काकांची नाही. माझ्या बाळाने काढलीय. चूक माझी आहे, माझं लक्ष नव्हतं. आणि आणखी एक चूक आहे, ती पण माझीच. मी सोळा घरं फिरले म्हणता म्हणता पंधराच फिरले. काकांना कुणी अजून विचारलेलंच नाही."



"म्हणजे," मुख्याध्यापिका सावकाश म्हणाल्या, "सव्वा वर्षाच्या मुलाच्या भरवशावर मी बारा ओळी लिहिल्या?"

"माझी सही परत द्या," शिंपी म्हणाला.

"सही परत कशी देणार? दात आहे का तो?" डॉक्टर म्हणाले, आणि मग सगळेच एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं आधीच वाचायला हवं होतं, कुणी म्हणालं तुम्ही तरी वाचलंत का. अधिकारी "शांत व्हा, शांत व्हा, मी चित्रं दाखवतो," म्हणत पडद्याकडे वळला, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली.

चित्रं गेली. पंखा थांबला. आणि सवयीने पार्किंगमधल्या सगळ्या माना काकांकडे वळल्या. काकाही सवयीने उठले, खिशातून किल्ली काढली, चार पावलं चालले. बाळाच्या आईने पदर बाळाच्या नाकावर ओढला, तेही सवयीनेच. काकांनी ते बघितलं. मग ते वळले, परत येऊन खुर्चीत बसले आणि किल्ली मुठीत दाबून धरली.

"आहे तेवढ्या उजेडात बोला," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "मला विचारायचंय. बॅटरी कुठे ठेवणार?"

"जिन्याखाली. नकाशात दाखवलंय."

"नकाशा काढणारा पावसाळ्यात आलाय का इथे? जिन्याखाली घोटाभर पाणी साचतं. आणि हवा कुठून जाणार-येणार?"

अधिकाऱ्याने नकाशाकडे बघितलं. मग तो उलटा धरून बघितला.

"जनरेटरची खोली आहे ना. ओटा उंच आहे, दोन बाजूंना जाळ्या मी स्वतः बसवल्यात. तिथे ठेवा. आता सांगा, पंप आणि लिफ्ट एकदम चालू झाले तर भार पेलेल का? पंपाची मोटार मी भरलीय, सुरू होताना ती किती ओढते मला माहीत आहे."

पाऊण तास हे चाललं. चित्रांविना अधिकाऱ्याला साध्या भाषेत बोलावं लागलं, आणि साध्या भाषेत आल्यावर इतरांनाही कळू लागलं. शिंप्याने विचारलं, शिलाई यंत्र चालेल का? डॉक्टरांनी विचारलं, पॅनेल धुवायची कुणी? मुख्याध्यापिकांनी पाळ्यांचा तक्ता तिथल्या तिथे आखला. बाळाची आई सगळं बघत होती. ही तीच माणसं होती, जी दार लोटून "बघू की" म्हणायची. त्यांना एवढं काही विचारायचं असतं आणि एवढं काही येत असतं, हे तिला पंधरा दिवसांत कळलं नव्हतं.

"एक राहिलं," काका शेवटी म्हणाले. हा प्रश्न विचारताना ते अधिकाऱ्याकडे न बघता किल्लीकडे बघत होते. "ह्याच्याकडे बघायला माणूस लागतो की नाही?"

"लागतो ना! इमारतीतलाच लागतो. आम्ही चार दिवस शिकवतो. पण बहुतेक ठिकाणी पुढे कुणी येतच नाही हो."

"चार कशाला?" काका म्हणाले. "मला दोन पुरतील."

यावर इमारतीने ज्या टाळ्या वाजवल्या, त्या सकाळच्या टाळ्यांपेक्षा वेगळ्या होत्या. यात काकू सगळ्यांत जोरात होत्या.

"मग आता पुन्हा सह्या?" बाळाच्या आईने पॅड उचलत विचारलं. तिच्या गुडघ्यांना जिने आठवले.

"नको नको," अधिकारी म्हणाला. "कागद फायलीला लागतो. मोजायचे असतात हात. घरटी एक हात, माझ्यासमोर."

"म्हणजे सह्या नसत्या केल्या तरी..."

"चाललं असतं. पण मग तुम्ही एवढं बोलला नसता."

झालं. पंधरा घरांनी नेहमीप्रमाणे काकांकडे बघितलं : त्यांचा हात वर गेला की आपला. आणि काका हात वर करायच्या ऐवजी बाळाच्या आईकडे बघत बसले.

"आज तू आधी," ते म्हणाले.

तिच्या एका हातात बाळ होतं, दुसऱ्यात बाळाची पिशवी, पाण्याची बाटली आणि पॅड. तिने पॅड काखेत धरायचा प्रयत्न केला, तेव्हा बाटली घसरली. सोळा घरांचं भवितव्य तिच्या मोकळ्या नसलेल्या हाताशी अडून राहिलं.

"आण त्याला इकडे."

'हात धुतलेत का?' हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला. आजवर तिने तो डॉक्टरांनाही विचारला होता. तिने तो गिळला आणि बाळ काकांकडे दिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्याही आधी, तिने हात वर केला. तिच्यामागून शिंप्याचा गेला, डॉक्टरांचा गेला, मुख्याध्यापिकांचा तर तर्जनीसकट ताठ गेला.

अधिकाऱ्याने मोजले. पुन्हा मोजले. "पंधरा. एक घर कमी आहे."

सगळ्या माना फिरल्या. काकांनी दोन्ही हातांनी बाळाला पोटाशी घट्ट धरलं होतं, आणि बाळाने काकांचा इस्त्रीचा शर्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"अहो, माझे हात भरलेत!"

"काका, हात वर दिसावा लागतो. नियम आहे."

काकांनी नियमाचा क्षणभर विचार केला. मग बाळाच्या दोन्ही काखांत हात घालून त्यांनी त्याला आपल्या डोक्याच्याही वर, हात पोचतील तितकं उंच धरलं. एवढ्या उंचीवर बाळ कधी गेलं नव्हतं. आई एक पाऊल पुढे सरकली. बाळाने मात्र खिदळून आपलेही दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

अधिकाऱ्याने भराभर मोजून 'एकोणीस' लिहिलं, घरं सोळाच आहेत हे आठवून खोडलं, आणि 'सोळा' लिहिलं.

"झालं. हात खाली घ्या," तो म्हणाला.

सगळ्यांनी घेतले. बाळ काही घेईना.